मौन आणि निग्रह

एखादे गुपित मनात ठेवणे आणि त्या गुपितापासून स्वतःचा लाभ करून न घेणे, ही दोन बंधने एकच आहेत की निरनिराळी? प्रश्न नीतिशास्त्राच्या पुस्तकात शोभावा असा आहे. परंतु अमेरिकेतील टेक्सास राज्यात याच प्रश्नाभोवती एक खटला जवळजवळ पाच वर्षे चालला. जिल्हा न्यायालयाच्या न्यायाधीशांनी त्याचे एक उत्तर दिले, वरिष्ठ न्यायालयाने तो निर्णय रद्द ठरविला, आणि अखेरीस डॅलस शहरातील नऊ सामान्य नागरिकांच्या ज्यूरीने त्याचा निकाल लावला. या खटल्यातील प्रतिवादी होते मार्क क्यूबन, अब्जाधीश उद्योजक आणि ‘डॅलस मॅव्हरिक्स’ या नामांकित बास्केटबॉल संघाचे तत्कालीन मालक.

क्यूबन यांची श्रीमंती वंशपरंपरेने आलेली नव्हे. इंटरनेटवरून ध्वनी आणि चित्रे प्रक्षेपित करणारी ‘ब्रॉडकास्ट डॉट कॉम’ ही कंपनी त्यांनी भागीदारासह नावारूपास आणली, आणि १९९९ साली ती ‘याहू’ कंपनीने ५.७ अब्ज डॉलर किमतीचे आपले शेअर्स देऊन विकत घेतली. पुढच्याच वर्षी, जानेवारी २००० मध्ये, क्यूबन यांनी २८.५ कोटी डॉलर मोजून मॅव्हरिक्स संघाची बहुतांश मालकी मिळविली. संघमालक म्हटला की तो काचेआडच्या राखीव कक्षात बसणार, ही रूढी त्यांनी मोडली. ते खेळाडूंच्या बाकाजवळ बसत, पंचांशी हुज्जत घालीत आणि त्यापायी दंडही भरीत. २०११ साली या संघाने अजिंक्यपद पटकावले. डिसेंबर २०२३ मध्ये क्यूबन यांनी त्यातील आपला मोठा हिस्सा विकून टाकला. असा हा जनतेच्या सतत डोळ्यांसमोर असलेला, लोकप्रिय आणि तितकाच वादग्रस्त गृहस्थ होता. त्याच्यावर अप्रामाणिकपणाचा आरोप आला तेव्हा त्याचा गवगवा न होता तरच नवल.

मूळ प्रकरण २००४ सालचे. कॅनडातील मॉन्ट्रियल येथील ‘मम्मा डॉट कॉम’ या कंपनीचे सहा लाख शेअर्स, म्हणजे एकूण भांडवलाचा ६.३ टक्के हिस्सा, क्यूबन यांच्यापाशी होता. या कंपनीने काही निवडक गुंतवणूकदारांना बाजारभावाहून कमी दराने नवे शेअर्स विकून भांडवल उभारण्याचे योजिले. अशा विक्रीने जुन्या भागधारकांच्या हिश्शाचे मोल उतरते, म्हणून ही बातमी फुटली की बाजारात भाव घसरणार हे ठरलेलेच. २८ जून रोजी कंपनीच्या मुख्य अधिकाऱ्यांनी क्यूबन यांना दूरध्वनी केला. अमेरिकेच्या रोखे आयोगाच्या कथनानुसार, आपण सांगतो आहोत ती गोष्ट गोपनीय आहे असे या अधिकाऱ्यांनी आधी बजावले आणि मग बेत उघड केला. ते ऐकून क्यूबन संतापले, आणि आता आपल्याला शेअर्स विकताही येणार नाहीत, अशा आशयाचे उद्गार त्यांनी काढले. त्यानंतर त्यांनी नव्या विक्रीची व्यवस्था पाहणाऱ्या पेढीच्या प्रतिनिधीकडून दूरध्वनीवरच अधिक तपशील घेतला. हे संभाषण आठ मिनिटांहून थोडे अधिक चालले. ते संपल्यानंतर एकाच मिनिटात त्यांनी आपल्या दलालाला सर्व शेअर्स विकण्यास सांगितले. दुसऱ्या दिवशी बाजार बंद झाल्यावर कंपनीने घोषणा केली, आणि ३० जूनला बाजार उघडला तो ९.३ टक्के उतरलेल्या भावाने. क्यूबन यांनी अशा रीतीने साडेसात लाख डॉलरांहून अधिक नुकसान टाळले, असा आयोगाचा हिशेब होता. १७ नोव्हेंबर २००८ रोजी आयोगाने त्यांच्यावर दिवाणी दावा गुदरला. त्यात तुरुंगाची भीती नव्हती. परंतु दंडाची होती, आणि त्याहूनही अधिक नावाला बट्टा लागण्याची होती.

वाचकाला वाटेल, यात गुंतागुंतीचे ते काय? आतली बातमी कळली, ती जगजाहीर होण्यापूर्वी माल विकला, गुन्हा स्पष्ट आहे. परंतु अमेरिकेचा कायदा इतक्या सरळ मार्गाने घडलेला नाही, आणि क्यूबन खटल्याचे मर्म त्या वाकड्या मार्गातच दडलेले आहे.

१९२९ च्या महामंदीनंतर अमेरिकन काँग्रेसने १९३४ साली रोखेबाजाराचा कायदा केला. ज्याला आज सर्वत्र ‘इनसायडर ट्रेडिंग’ म्हणतात, त्या आतल्या बातमीवरच्या व्यवहाराची व्याख्या या कायद्यात कोठेही नाही. त्यातील दहाव्या कलमाने केवळ फसवणुकीच्या साधनांना बंदी केली. त्या कलमाखालील प्रसिद्ध नियम १९४२ साली रचला गेला, तोही मोठ्या घाईने. एका कंपनीचा अध्यक्ष भागधारकांना कंपनीची स्थिती वाईट असल्याचे भासवून त्यांच्याकडून स्वस्तात शेअर्स गोळा करतो आहे, अशी तक्रार आली, आणि आयोगाच्या वकिलांनी त्याच दिवशी नियमाचा मसुदा तयार केला. आपण लबाडीच्या विरुद्ध आहोतच ना, एवढाच प्रश्न एका सभासदाने विचारला आणि नियम संमत झाला, अशी आठवण त्या मसुद्याशी संबंध असलेल्या वकिलाने पुढे सांगितली आहे.

तेव्हापासून सारा विचार ‘फसवणूक’ या एका शब्दाला बांधला गेला. १९६१ साली एका दलाली पेढीच्या प्रकरणात आयोगाने सूत्र घालून दिले: ज्याच्यापाशी आतली बातमी आहे त्याने ती जाहीर तरी करावी, नाहीतर व्यवहारापासून दूर तरी राहावे. तथापि हे बंधन कोणावर? १९८० साली सर्वोच्च न्यायालयासमोर छापखान्यातील एका कर्मचाऱ्याचा खटला आला. कंपन्या ताब्यात घेण्याच्या योजनांची कागदपत्रे त्याच्या हातून छापली जात. त्यांत नावे झाकलेली असत. पण त्याने ती तर्काने ओळखली आणि चौदा महिन्यांत तीस हजार डॉलरांहून थोडी अधिक कमाई केली. न्यायालयाने त्याची शिक्षा रद्द केली. ज्यांचे शेअर्स त्याने घेतले त्यांच्याशी त्याचे विश्वासाचे कोणतेही नाते नव्हते, म्हणून बोलण्याचे कर्तव्यही नव्हते आणि फसवणूकही नव्हती, असा तो युक्तिवाद होता. पुढे १९९७ साली मिनियापोलिस येथील एका वकिलाच्या प्रकरणात या पळवाटेचा बराचसा भाग बुजला. आपल्या पेढीच्या अशिलाचे गुपित वापरून त्याने ४३ लाख डॉलरांहून अधिक नफा मिळविला होता. ज्याच्याकडून माहिती मिळाली त्या माणसाशी केलेली प्रतारणा हीसुद्धा फसवणूकच होय, असे न्यायालयाने ठरविले. २००० साली आयोगाने याला आणखी एक नियम जोडला. माहिती गोपनीय ठेवण्याचे कबूल केले की विश्वासाचे नाते जुळले, असे त्याचे सार होते.

क्यूबन यांच्या वकिलांनी बोट ठेवले ते नेमके याच जागी. क्यूबन हे कंपनीचे संचालक नव्हते, नोकर नव्हते, वकीलही नव्हते. ते एक भागधारक होते, आणि बातमी त्यांनी मागितली नव्हती, ती त्यांच्या कानी घालण्यात आली होती. फार तर त्यांनी ती कोणाला न सांगण्याचे मान्य केले असेल. पण शेअर्स न विकण्याचे वचन त्यांनी कधी दिले? जुलै २००९ मध्ये न्यायाधीश सिडनी फिट्झवॉटर यांनी हा मुद्दा उचलून धरून दावा काढून टाकला. बातमी गुप्त ठेवण्याचे वचन आणि तिचा उपयोग न करण्याचे वचन या भिन्न गोष्टी आहेत. ज्याने केवळ पहिले वचन दिले त्याने माल विकला तरी त्या वचनाचा भंग होत नाही, आणि आयोगाचा नियम कायद्याच्या पलीकडे जाऊ शकत नाही, असा त्यांचा निर्णय होता.

सप्टेंबर २०१० मध्ये वरिष्ठ न्यायालयाने तो रद्द केला. तसे करताना त्याने मूळ तात्त्विक प्रश्नाचे उत्तर दिले नाही, हे ध्यानात घेतले पाहिजे. आयोगाची तक्रार समग्र वाचली असता मौनापलीकडचाही काही समझोता झाला असावा, असे मानण्यास जागा आहे. तेव्हा काय घडले ते पुराव्याने ठरू द्या, एवढेच त्याने म्हटले. प्रश्न तत्त्वाच्या पातळीवरून असा तथ्याच्या पातळीवर उतरला, आणि नऊ वर्षांपूर्वीच्या एका दूरध्वनीवर दोन माणसे काय बोलली याचा शोध सुरू झाला.

३० सप्टेंबर २०१३ पासून डॅलस येथे सुनावणी झाली. संभाषणाचे ध्वनिमुद्रण नव्हते, लेखी करार नव्हता. कंपनीचे मुख्य अधिकारी कॅनडात राहत असल्याने साक्षीच्या पिंजऱ्यात आले नाहीत. त्यांची आधी चित्रित केलेली जबानी ज्यूरीला दाखविण्यात आली. क्यूबन मात्र जातीने साक्षीला उभे राहिले. गोपनीयतेचे कोणतेही वचन आपण दिले नाही, असे त्यांचे म्हणणे होते. १६ ऑक्टोबर रोजी ज्यूरीने चार तासांच्या आतच विचारविनिमय संपवून निकाल दिला, आणि तो पूर्णतः क्यूबन यांच्या बाजूने होता. वचन दिल्याचे आयोगाला सिद्ध करता आले नव्हते. खटला लढविण्यावर झालेला खर्च संभाव्य दंडाहून अधिक होता, असे क्यूबन यांनीच नंतर सांगितले. निर्दोष असण्याचा हक्क सर्वांना समान असला, तरी तो शाबीत करण्याचे सामर्थ्य सर्वांपाशी सारखे नसते, ही या निकालाची दुसरी बाजू आहे. आणि ज्याला गुन्हा म्हणायचे तो कायद्यात स्पष्ट लिहिलेला नसताना एखाद्याला वर्षानुवर्षे संशयाच्या छायेत ठेवणे कितपत न्याय्य, ही तिसरी.

याचा अर्थ धनिक संघमालक अशा आरोपातून नेहमीच सुटतात, असा मात्र नव्हे. लंडनच्या ‘टॉटनहॅम हॉटस्पर’ या फुटबॉल संघाची मालकी ज्यांच्या कुटुंबाकडे आहे, त्या जो लुईस यांच्यावर २०२३ साली न्यूयॉर्कमध्ये फौजदारी आरोप ठेवण्यात आले. कंपन्यांची आतली माहिती त्यांनी आपले खाजगी वैमानिक, सहायक आणि स्नेही यांना पुरविली, असा ठपका होता. जानेवारी २०२४ मध्ये त्यांनी गुन्हा कबूल केला. त्यांना पन्नास लाख डॉलर दंड झाला, परंतु कारावास झाला नाही. आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी त्यांना माफीही दिली. तेथे मौनच मोडलेले होते, म्हणून कायद्याला वाट सोपी होती. क्यूबन यांचे प्रकरण अवघड झाले, कारण त्यांनी बातमी फोडल्याचा आरोपच नव्हता.

आपल्या देशाने या कोड्यातून निराळी वाट काढली आहे. १९४८ च्या थॉमस अहवालात या गैरव्यवहाराचा विचार झाला होता. १९५६ च्या कंपनी कायद्याने संचालकांना आपल्या मालकीचे शेअर्स जाहीर करावयास लावले. आणि १९९२ साली सेबीने स्वतंत्र नियमावली केली. तिची जागा घेणाऱ्या २०१५ च्या नियमावलीत भर आहे तो वचनावर नसून माहितीवर. भावावर परिणाम करणारी अप्रकाशित माहिती ज्याच्यापाशी आहे त्याने व्यवहार केला, तर तो त्या माहितीनेच प्रेरित झाला असे गृहीत धरले जाते, आणि आपली निर्दोषता त्याला दाखवावी लागते. मौनाचे वचन दिले होते की निग्रहाचे, ही चिकित्सा येथे उरत नाही.

किंबहुना हा भेद शासकीय सेवेतील वाचकांना अपरिचित नसावा. केंद्रीय नागरी सेवांच्या १९६४ च्या वर्तणूक नियमांत अकरावा नियम सरकारी माहिती अनधिकृतपणे बाहेर न देण्याविषयी आहे. सोळावा नियम कर्मचाऱ्याला शेअर्सच्या सट्ट्यास मनाई करतो, आणि कर्तव्य बजावताना अडचणीत आणील अशी गुंतवणूक त्याने स्वतः करू नये, कुटुंबीयांनाही करू देऊ नये, असे सांगतो. नियम करणाऱ्यांनी दोन गोष्टी दोन ठिकाणी लिहिल्या, यातच त्यांचे शहाणपण दिसते. जीभ आवरली म्हणजे हात आपोआप आवरतो, यावर त्यांनी भरवसा ठेवला नाही. एखादा रस्ता कोठून जाणार, कोणत्या मालावरील कर उतरणार, हे जाहीर होण्यापूर्वी ज्याच्या टेबलावरून जाते, तो अधिकारी अवाक्षर न काढताही स्वतःचे भले करून घेऊ शकतो.

डॅलसच्या ज्यूरीने एका माणसाला निर्दोष ठरविले, आणि समोर आलेल्या पुराव्यावर ते योग्यच मानले पाहिजे. न्यायाधीश फिट्झवॉटर यांनी दाखविलेला भेद मात्र त्या निकालाने पुसला गेला नाही. मौन हे दुसऱ्याने आपल्याकडून मागून घ्यायचे असते. त्याचे शब्द असतात, साक्षीदार असू शकतात, क्वचित कागदही असतो. निग्रह बहुधा कोणी मागत नाही. म्हणूनच तो न्यायालयात सिद्ध करणे इतके कठीण, आणि म्हणूनच जेथे लोकांचा विश्वास पणाला लागलेला असतो तेथे तो आधीच, स्पष्ट अक्षरांत, लिहून ठेवणे इतके आवश्यक.