दमलेल्या संध्याकाळचे जेवण

इतिहासाच्या ग्रंथांतून मेजवान्यांची वर्णने पुष्कळ सापडतात. राज्यारोहणाच्या पंगती, विजयाचे सोहळे, परदेशी वकिलांसाठी मांडलेली ताटे यांची नोंद बखरकारांनी आणि प्रवाशांनी आवडीने केली आहे. परंतु दिवसभर राबून दिवेलागणीला घरी परतलेल्या माणसाने चुलीवर काय ठेवले, हे लिहून ठेवावे असे फारसे कोणाला वाटले नाही. चौदाव्या शतकात हिंदुस्थानात आलेल्या इब्न बतूता या मोरोक्कोच्या प्रवाशाने मूग व तांदूळ एकत्र शिजवून तुपाबरोबर खाण्याच्या येथील रिवाजाचा उल्लेख केला आहे. त्याने ऐकलेले नाव होते 'किश्री', आणि ती लोकांची रोजची न्याहारी असल्याचे तो सांगतो. आपल्याला मात्र तीच खिचडी आठवते ती अंगात त्राण नसलेल्या रात्री.

अशा जेवणाला आपण सहजपणे 'सोपे' म्हणतो. त्याचा इतिहास पाहू लागलो, की एक गोष्ट ध्यानात येते. सोपे जेवण म्हणजे श्रमांवाचून झालेले जेवण नव्हे. ते श्रम कोणीतरी, कोठेतरी, आधीच केलेले असतात. वसईच्या किनाऱ्यापासून मुंबईच्या गिरणगावापर्यंत या श्रमांचा माग काढावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आरंभ उन्हाळ्यापासून करावा लागेल. वसई, उत्तन, गोराई, वर्सोवा या किनाऱ्यावर पावसाळ्यापूर्वी बोंबील वाळवले जातात. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ती जोडी आडव्या बांबूंवर लटकवायची, ही रीत आपल्यापैकी अनेकांनी पाहिलेली आहे. जवळा व सुकट यांचेही तसेच. याच दिवसांत मुंबई, साष्टी आणि ठाण्याकडील ईस्ट इंडियन घरांतून वर्षाचा मसाला होई. मिरच्या व इतर जिन्नस उन्हात वाळवून, भाजून, लांब लाकडी मुसळांनी कांडले जात आणि गडद रंगाच्या बाटल्यांत ठासून भरले जात. म्हणून त्याचे नाव बाटली मसाला. पुढे आषाढात, पाऊस कोसळत असताना आणि शेतातील लावणीने कंबर मोडलेली असताना, मूठभर सुकट आणि चमचाभर मसाला एवढ्यावर भाताबरोबरचे कालवण होई. त्या रात्रीचे कष्ट स्त्रियांनी वैशाखाच्या उन्हात आधीच उपसलेले असत.

दुसरी सोय पावाची. डिसेंबर १५३४ च्या तहाने गुजरातच्या सुलतानाने वसई पोर्तुगिजांना दिली आणि १७३९ मध्ये मराठ्यांनी ती जिंकेपर्यंत त्यांचा अंमल येथे टिकला. त्यांची सत्ता गेली, परंतु त्यांच्या भाषेतला 'पाव' आपल्या जिभेवर राहिला. गोव्यात यीस्ट सहज मिळत नसे, तेव्हा माडाच्या ताडीने पीठ फुगवण्याची युक्ती रूढ झाली. पुढे इंग्रजी अमलात गोव्याचे ख्रिस्ती भटारी मुंबईत आले आणि त्यांच्यामागून इराण्यांच्या बेकऱ्या उभ्या राहिल्या. भाकरी ज्याची त्याने घरी थापावी लागते. पावाचे तसे नाही. भट्टीवरचा माणूस रात्रभर जागतो, तेव्हा इतरांना पीठ मळण्यावाचून सुटका मिळते. उरलेल्या कालवणाबरोबर चार पाव, हे जेवण याच जागरणावर उभे आहे.

त्यानंतर आगगाडी आली. १८६४ मध्ये रूळ वसईवरून पुढे गेले आणि १८६७ मध्ये विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत उपनगरी गाडी सुरू झाली. वसईची भाजी, फुले व केळी शहरात जाऊ लागली. ती घेऊन जाणाऱ्या बायाबापड्यांचा दिवस पहाटेच्या अंधारात सुरू होई. तिकडे मुंबईत कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये काढलेल्या कंपनीची कापडगिरणी १८५६ मध्ये चालू झाली आणि कोकणातून व घाटावरून हजारो माणसे शहरात आली. बहुतेकांची बायकामुले गावी राहत. एका खोलीत अनेकजण पाळीपाळीने झोपत. पाळी सुटल्यावर चूल पेटवण्याइतकी जागाही तेथे नव्हती, मग उसंत कोठून असणार?

त्यांच्या पोटाची सोय खानावळीने केली. ही खानावळ म्हणजे पुष्कळदा एखाद्या बाईची खोलीच. महिन्याचे पैसे ठरवून ती दहा-वीस गडी जेवू घाली. वाणी तिला उधारीवर माल देई, सावकार व्याज लावी, आणि गड्याचा पगार हाती पडेपर्यंत तिला थांबावे लागे. गिरणीचे हिशेब वह्यांत लिहिले गेले, या बायांचे नाव मात्र कोठल्याही वहीत नव्हते. गोवा मुक्तिलढ्यात भाग घेतलेल्या प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून त्यांना एकत्र आणले आणि बँकेच्या कर्जाचे दार त्यांच्यासाठी उघडले. पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. गड्यांचे पगार थांबले, तशी खानावळवालीची चूलही थंडावू लागली. कामगाराच्या रात्रीच्या दोन घासांमागे आणखी एक कामगार उभी होती, हे त्या संपाने उघड केले.

या इतिहासात १९५९ हे वर्ष विशेष ध्यानात ठेवण्याजोगे आहे. त्या वर्षी १५ मार्चला गिरगावातील सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास आरंभ केला. तोच पुढे 'लिज्जत' म्हणून घरोघरी पोहोचला. सकाळी केंद्रावरून मळलेले पीठ न्यायचे, घरची कामे सांभाळून पापड लाटायचे आणि ते परत आणून मजुरी घ्यायची, अशी ही पद्धत. मळणे आणि लाटणे ही कामे बाईने आजन्म फुकट करायची असतात, हा समज येथे प्रथमच एवढ्या मोठ्या प्रमाणावर मोडला. त्या सातजणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये, म्हणजे ६२ वर्षांनी, पद्मश्री मिळाली.

त्याच वर्षी आपल्या देशात प्रेशर कुकर तयार होऊ लागले. त्यामागची कल्पना मात्र जुनी. द्‌नी पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १६७९ मध्ये लंडनमध्ये घट्ट झाकणाचे भांडे बनवले होते. कोंडलेल्या वाफेचा दाब वाढला, की पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंशांपर्यंत तापते आणि अन्न लवकर शिजते. दाब अति झाला तर वाफ बाहेर सोडणारी झडपही त्याचीच. त्या भांड्यात हाडेसुद्धा मऊ होत असत. आपल्या स्वयंपाकघरात हे भांडे स्थिरावले, आणि तासभर चुलीशी बसून शिजवायची डाळ भाताबरोबर एकदमच होऊ लागली.

वैशाखातील ऊन, भटाऱ्याचे जागरण, खानावळवालीची उधारी, पापडाचे लाटणे आणि पापँची झडप एवढ्यांनी मिळून आपली दमलेली संध्याकाळ हलकी केली आहे. परंतु या दीर्घ प्रवासात वाचला तो वेळ. हात बहुधा तेच राहिले. आज विरारच्या एकाच गाडीने नवरा-बायको कामावरून परततात. दोघेही सारखेच उभ्याने आलेले असतात. घरी आल्यावर एकजण पंख्याखाली बसतो आणि दुसरी गॅस पेटवते, हे दृश्य आपल्या कुटुंबांतून अजून गेलेले नाही. तिच्या थकव्याची नोंद बखरकारांनी केली नाही. ती निदान घरच्यांनी तरी करावयास हवी.

डाळ-तांदूळ धुऊन, हळद-मीठ घालून कुकर लावण्यास मोठे कौशल्य लागत नाही. पापड भाजण्यास तर त्याहूनही कमी. ज्याने ताटावर बसायचे, त्याला या दोन्ही गोष्टी सहज जमण्यासारख्या आहेत.