मूत्राला नवी वाट

मूत्राशयाची शस्त्रक्रिया आपल्याकडे नवी नव्हे. सुश्रुतसंहितेत मुतखडा काढण्याचा विधी दिला असून, तत्पूर्वी वैद्याने राजाची अनुज्ञा घ्यावी असेही सांगितले आहे; कारण न कापता रोगी मरणार हे निश्चित, आणि कापल्यास जगेलच असे नाही. परंतु तेथे केवळ खडा काढावयाचा असे. कर्करोगाने ग्रासलेली पिशवीच काढली, तर अहोरात्र झिरपणारे मूत्र जावे कोठे?

१८८७ साली कोलोन येथे बार्डेनहॉयर याने प्रथमच एका रोग्याचे संपूर्ण मूत्राशय काढले. मूत्रनलिकांना वाट करून देणे मात्र जमले नाही. चौदाव्या दिवशी मूत्रविषाने रोगी दगावला.

वाट पूर्वीच सुचलेली होती. जन्मतः मूत्राशय उघडे असलेल्या एका मुलाच्या मूत्रनलिका गुदाशयाकडे वळविल्याचे वृत्त लंडनच्या जॉन सायमनने १८५२ साली प्रसिद्ध केले होते. १९११ साली अमेरिकेतील कॉफी याने नलिका आतड्याच्या भिंतीतून तिरपी नेण्याची युक्ती काढली. त्यामुळे मूत्र उलटे चढण्यास आळा बसला आणि हा मार्ग रूढ झाला. सोय तर उत्तम! बाहेर पिशवी नको, कपड्यांना ओल नको.

परंतु पेठ वडगावच्या बाजारात मडके वाजवून घेणाऱ्या गृहिणीस ठाऊक असते, की कच्चे मडके पाणी पिते. मूत्राशयाचे अस्तर पक्के. आतड्याचा तर धर्मच शोषणाचा. साठलेल्या मूत्रातील क्षार परत रक्तात शिरत, रक्त आम्ल होई, भूक मरे, माणूस ग्लानीत पडे. फेरिस व ओडेल यांनी १९५० साली हा दोष उघड केला.

त्याच वर्षी ब्रिकरने लहान आतड्याचा वीतभर तुकडा घेऊन, मूत्रनलिका त्यास जोडून, त्याचे तोंड पोटावर उघडले. हा हौद नव्हे, नुसती पन्हळ. मूत्र साठतच नाही, म्हणून शोषणही अल्प. त्याबदली पोटावर पिशवी आली. शिवाय तोंडापाशी अंतर्गळ होणे, नलिकेचा सांधा आवळणे, मूत्रपिंडास संसर्ग पोचणे, ही दुखणी वर्षांनंतरही उद्भवतात. शस्त्रक्रियेनंतर पहिले काही दिवस आतडी निपचित पडतात, ते निराळेच.

पुढे फ्रान्समध्ये कॅमे याने आतड्याचेच मूत्राशय करून ते नैसर्गिक मार्गास जोडले. मुंबईच्या परळ भागात १९४१ साली सुरू झालेल्या टाटा रुग्णालयातही आज अशा शस्त्रक्रिया होतात. येथे पुन्हा हौद आला, अर्थात शोषणही आले. म्हणून मूत्रपिंडे धड असल्याची खात्री आधी करतात. भरल्याची पूर्वीची जाणीव या नव्या पिशवीस नसते. रोग्यास रात्री गजर लावून उठावे लागते.