उष्टा धागा

सोलापूरच्या पूर्व भागात एखाद्या पद्मशाली घराचा माळा आवरायला काढला, की कांड्या, मोडकी फणी आणि मागावर आडवं सूत नेणारा एखादा धोटा निघतो. चादर नातवंडं जपून ठेवतात, धोटा भंगारात जातो. माझं सांगणं एवढंच, की तो देण्याआधी उलटापालटा करून पाहावा.

टोकांना धातू नसेल, तर तो बहुधा हातानं फेकायचा. तेव्हा कापडाचा पन्हा विणकराच्या हाताच्या पल्ल्याइतकाच. धातूची टोकं असतील तर तो धावता धोटा, इंग्लंडच्या जॉन के यांचा १७३३ चा शोध. इथवरचं सगळे सांगतात. मला मात्र त्याच्या कडेचं बारीक छिद्र महत्त्वाचं वाटतं.

कांडी संपली की नवी बसवायची, सुताचं टोक आतून छिद्राशी न्यायचं, बाहेरून ओठ लावायचे आणि श्वास आत ओढायचा. सूत बाहेर येतं. गिरणीत हे दिवसभर चाले आणि एकाच धोट्याला अनेकांची तोंडं लागत. लँकेशायरमध्ये याला धोट्याचं चुंबन म्हणत. रोग पसरतो म्हणून अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यानं १९११ साली असे धोटे बंद केले.

आपल्याकडे रोगाआधी उष्टं आडवं आलं. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य मानलेल्या कामगारांना साचेखात्यात, म्हणजे यंत्रमागांच्या विणकाम विभागात, घेत नसत. त्यांच्या तोंडचा धागा आम्ही कसा ओढायचा, हे सवर्ण विणकरांचं कारण. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला.

पण विटाळ हेच खरं कारण होतं का? दुसरं मत असं, की साचेखात्यात मजुरी जास्त होती आणि जॉबर, म्हणजे कामगार भरणारे मुकादम, आपल्याच माणसांची वर्णी लावत. मी या बाजूचा. उष्ट्याचीच अडचण असती तर तारेच्या आकड्यानंही सूत ओढता आलं असतं. वेळ थोडा जास्त गेला असता, इतकंच. शिवाय तोंड न लावता, चिरेतून सूत ओवायचे धोटे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत निघालेच होते. विटाळ बोलायला सोयीचा होता, राखायची होती ती मजुरी.

सोलापुरात जुनी गिरणी १८७७ ची. साचे मुंबईसारखेच, धोटेही तेच. तेव्हा रीत वेगळी नसणार, असं मी धरून चालतो. घरच्या हातमागावर हा वादच नव्हता. तिथं धोट्याला लागणारी तोंडं एकाच कुटुंबातली.

म्हणून माळ्यावर गिरणीतला छिद्राचा धोटा सापडला, तर आजोबा विणकर होते एवढ्यावर थांबू नये. त्यांना साचा मिळू दिला गेला होता, हेही तो सांगतो. ज्यांना साच्याजवळ फिरकू दिलं नाही, त्यांच्या माळ्यावर धोटा निघायचाच नाही. वारशानं आलेल्या वस्तूंवरून गिरणगावाचा इतिहास लिहायला बसलो, तर ही माणसं आपल्याही हातून दुसऱ्यांदा वगळली जातील.