आयझॅक क्लाइनचं घर

आयझॅक क्लाइन हा अमेरिकेच्या हवामान खात्याचा टेक्ससमधल्या गॅल्व्हेस्टन बेटावरचा प्रमुख. १८९१ साली त्याने तिथल्या ‘गॅल्व्हेस्टन डेली न्यूज’मध्ये एक लेख लिहिला. त्याच किनाऱ्यावरचं इंडियानोला हे बंदर १८७५ आणि १८८६ अशा दोन वादळांनी होत्याचं नव्हतं केलं होतं. दुसऱ्या तडाख्यानंतर लोक गाव सोडूनच गेले. तेव्हा आपणही समुद्राला भिंत घालावी, असं गॅल्व्हेस्टनमध्ये काही जण म्हणू लागले. क्लाइनने ही भीती मोडीत काढली. इथला समुद्रतळ उथळ आहे, मोठ्या लाटा किनाऱ्याला लागण्याआधीच मोडून पडतील, असं त्याचं म्हणणं.

भिंत झाली नाही. त्याचं खापर या एका लेखावर फोडणं मला पटत नाही. शहराला खर्च टाळायचाच होता, आणि त्यासाठी शास्त्रज्ञाची सही मिळाली, इतकंच. पण मुद्दा नेमका उलटा होता. वारा पाण्याला किनाऱ्याकडे ढकलतो तेव्हा खोल समुद्रात ते पाणी खालून परत फिरू शकतं. उथळ तळावर त्याला जायला जागाच नसते, म्हणून ते चढत जातं. गॅल्व्हेस्टनचा सर्वांत उंच भाग समुद्रसपाटीपासून जेमतेम पावणेनऊ फूट. त्यावर सुमारे ३८ हजारांची वस्ती.

सप्टेंबर १९००च्या पहिल्या आठवड्यात वादळ क्यूबावरून गेलं. ते पुढे टेक्ससकडे सरकेल अशी तिथल्या निरीक्षकांची अटकळ होती. हवानाच्या बेलेन वेधशाळेत जेझुइट पाद्री कित्येक वर्षं वादळांचा अभ्यास करत आले होते, त्यामुळे ही अटकळ हवेतली नव्हती. पण क्यूबा तेव्हा अमेरिकेच्या लष्करी ताब्यात होता, आणि हवामान खात्याचा प्रमुख विलिस मूर याच्या खात्याने क्यूबन हवामानतज्ज्ञांच्या तारांवर बंदी आणवली होती. वॉशिंग्टनच्या मते वादळ फ्लोरिडाकडून वळून अटलांटिकच्या काठाने उत्तरेला जाणार होतं. भर समुद्रातल्या जहाजांकडे बिनतारी यंत्रं नव्हती. त्यामुळे वादळ मेक्सिकोच्या आखातात शिरलं आणि सगळ्यांच्या नजरेआड झालं. त्याला अनपेक्षित म्हणायचं तर ते या अर्थानेच.

८ सप्टेंबर, शनिवार. पहाटेपासूनच सखल रस्त्यांवर पाणी येऊ लागलं होतं. क्लाइनला खटकलं ते हे, की वारा उत्तरेचा, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा, आणि तरीही समुद्र वाढतोय. असं आधी कधी पाहिलं नसल्याचं त्याने वॉशिंग्टनला कळवलं. घोडागाडीतून फिरून आपण किनाऱ्यावरच्या लोकांना सावध केलं, असंही त्याने पुढे लिहिलं. एरिक लार्सनने ‘आयझॅक्स स्टॉर्म’ (१९९९) या पुस्तकात त्यावर शंका घेतली आहे.

संध्याकाळपर्यंत त्याच्या घरात सुमारे पन्नास जण आसऱ्याला आले. घर मजबूत म्हणून ख्यात होतं. बायको कोरा गरोदर, आजारी, अंथरुणाला खिळलेली. तीन मुली. धाकटा भाऊ जोसेफ हाही त्याच खात्यात. शहराच्या मध्यावर निघून जाऊ या, असं तो म्हणत होता. आयझॅकने थांबायचं ठरवलं. बायकोला तशा पाण्यातून न्यायचं कसं, हा प्रश्न मलाही सोडवता येत नाही.

साडेसातच्या सुमाराला तो दारात उभा असताना चार सेकंदांत पाणी चार फूट चढलं. हा आकडा त्याच्याच अहवालातला. वारा आता समुद्राकडून होता. किनाऱ्यालगतच्या ट्रामचा लाकडी पूल उखडून लाटांबरोबर घरावर आदळू लागला, आणि साडेआठच्या सुमारास घर कलंडलं. जोसेफने दोन मोठ्या मुलींचे हात धरले, खिडकीकडे पाठ केली आणि काच-झडपा फोडून मागच्या मागे बाहेर पडला. आयझॅक बायको आणि धाकटीसह आत अडकला. शुद्धीवर आला तेव्हा तो ढिगाऱ्यात होता. मुलगी जवळच सापडली. विजेच्या उजेडात जोसेफ आणि दोघी दिसल्या. कोरा दिसली नाही.

मुलींना पुढ्यात घेऊन, वाऱ्याकडे पाठ करून, उडत्या फळ्या-पत्र्यांपासून बचावासाठी पाठीशी फळकुटं धरून दोघे भाऊ तीन तास तरंगत राहिले. जोसेफचा कुत्रा त्या ढिगाऱ्यावर चढला, प्रत्येकाला हुंगलं आणि परत पाण्यात झेपावला. तीन तासांनी ते जमिनीला लागले ती जागा घरापासून तीनशे यार्डांवर होती. घरातल्या पन्नासांपैकी १८ वाचले.

शहरात किती गेले याचा पक्का हिशेब लागला नाही; बेटावर आणि आसपास मिळून सहा ते बारा हजार धरतात, बहुधा आठ हजार सांगतात. सेंट मेरी अनाथाश्रमातल्या ९३ मुलांना दहा जोगिणींनी दोरीने स्वतःला बांधून घेतलं होतं. त्यातले तीन मुलगे वाचले, तेही आश्रमातले मोठे. प्रेतं पडावांतून नेऊन वजनं बांधून समुद्रात सोडली, तर ती परत किनाऱ्याला आली. मग कित्येक आठवडे चिता जळत राहिल्या. कोराचं प्रेत ३० सप्टेंबरला सापडलं, ज्या ढिगाऱ्यावर तिचं कुटुंब तरंगत होतं त्याच्याच खाली. बोटातल्या अंगठीवरून ओळख पटली.

भिंत अखेर झाली. १९०२ मध्ये काम सुरू होऊन १९०४ मध्ये पहिला टप्पा पुरा झाला. तीन मैलांहून लांब, १७ फूट उंच. मग दोन हजारांवर इमारती जॅक लावून उचलल्या आणि खाली समुद्रातून उपसलेली वाळू भरली. त्या काळात लोक घरातून घराकडे लाकडी फळ्यांवरून जात. १९१५ साली पुन्हा मोठं वादळ आलं तेव्हा भिंतीने शहर राखलं. पण व्यापार तोवर ह्यूस्टनकडे सरकला होता. तिथला जहाजांचा कालवा १९१४ मध्येच खुला झाला होता.

आयझॅकची बदली न्यू ऑर्लिन्सला झाली. उरलेल्या नोकरीत त्याने वादळात पाणी कसं चढतं याचाच अभ्यास केला. दोघा भावांनी म्हातारपणी आठवणी लिहिल्या, आयझॅकने १९४५ मध्ये आणि जोसेफने पुढल्याच वर्षी, आपापल्या वेगळ्या. तोवर त्यांच्यात दुरावा आला होता. ऑगस्ट १९५५ मध्ये काही दिवसांच्या अंतराने दोघे वारले.