साडेत्रेसष्ट अंशांचे आकाश

१/ सप्टेंबर १८९६. मुंबईच्या मांडवी भागात प्लेग आढळला. दाटीवाटीच्या, अंधाऱ्या खोल्यांतच रोगाचे मूळ आहे, अशी सरकारची धारणा झाली. १८९८ मध्ये 'बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट' स्थापन झाला.

२/ ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी एका कोनाचा आग्रह धरला: ६३.५ अंश. भिंतीच्या पायथ्यापासून या कोनात वर पाहिल्यास समोरच्या इमारतीने आकाश झाकता कामा नये.

३/ भूमितीच्या हिशेबाने याचा अर्थ सोपा होता. इमारतीच्या उंचीच्या किमान निम्मी जागा मोकळी हवी. ४० फूट उंचीसमोर २० फूट.

४/ ट्रस्टने वसवलेल्या दादर-माटुंग्यात रुंद रस्ते आले, इमारतींभोवती मोकळी जागा राहिली. दादरच्या पारसी कॉलनीलगतची 'फाइव्ह गार्डन्स' ही त्याच आखणीची देणगी.

५/ मात्र जुन्या वस्त्या पाडल्यावर बेघर झालेल्या अनेक गरिबांना नव्या घरांचे भाडे परवडणारे नव्हते. ते पुन्हा दाटीतच शिरले. माटुंग्यात मध्यमवर्ग स्थिरावला.

६/ नियमाने आकाश मोजले. ते कोणाच्या वाट्याला येणार, हे मात्र भाड्याने ठरवले.