थ्री नॉट थ्री ते सात-बासष्ट

महाराष्ट्र पोलिसांच्या खांद्यावर अनेक दशके दोन रायफली होत्या: जुनी ‘थ्री नॉट थ्री’ आणि नंतरची ‘एसएलआर’, म्हणजे सेल्फ-लोडिंग रायफल. गोंदिया-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यातही दोन्हींचा वावर राहिला. पहिलीच्या नळीचा व्यास .३०३ इंच, म्हणजे ७.७ मिलिमीटर, दुसरीचा ७.६२. एवढ्याशा फरकाच्या या रायफलींची काडतुसे मात्र एकमेकींत चालत नाहीत, कारण मोठा बदल गोळीत नव्हे, पुंगळीत झाला.

.३०३ काडतूस ब्रिटिश सैन्याने १८८९च्या सुमारास घेतले, तेव्हा त्यात दाबून बसवलेली काळी दारू असे. लवकरच बिनधुराचे कॉर्डाइट आले. त्याच्या शेवयांसारख्या काड्या पुंगळीच्या अरुंद मानेतून नीट भरता येत नसत, म्हणून आधी दारू भरून मग मान आवळावी लागे. कोलकात्याजवळच्या दमदम कारखान्यात याच काडतुसासाठी टोकाशी उघड्या शिशाची गोळी बनली. शरीरात पसरणाऱ्या अशा गोळ्यांवर १८९९च्या हेग परिषदेत बंदी आली. १९१० साली टोकदार ‘मार्क सात’ गोळी रुळली. तिचे वजन ११.३ ग्रॅम आणि वेग सेकंदाला सुमारे ७४४ मीटर.

या पुंगळीच्या बुडाशी बाहेर आलेली कडा आहे. तिच्यामुळे काडतूस नळीत नेमक्या जागी अडते आणि रिकामी पुंगळी ओढायला पकड मिळते. पण मॅगझिनमध्ये वरच्या काडतुसाची कडा खालच्याच्या कडेमागे गेली, की भरताना दोन्ही अडकतात. हाताने बोल्ट ओढणारा शिपाई सावधपणे काडतुसे भरून हे टाळी. स्वयंचलित रायफलीत मात्र ही कडा मोठीच अडचण ठरते.

नाटो देशांनी १९५४ साली स्वीकारलेल्या ७.६२ × ५१ काडतुसात ही कडा गेली. पकडीसाठी बुडाशी खाच आली आणि काडतूस पुंगळीच्या खांद्यावर टेकू लागले. दारू सुधारल्यामुळे पुंगळी ५६ वरून ५१ मिलिमीटरवर आली, तरी ९.५ ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे ८४० मीटर वेगाने सुटते. ऊर्जा जुन्या गोळीपेक्षा किंचित जास्तच भरते.

भारतात हा बदल १९६२च्या चीन युद्धानंतर वेगाने झाला. ईशापूरच्या कारखान्याने एसएलआर बनवली, शिवाय जुन्या ‘थ्री नॉट थ्री’ ली-एनफिल्डचा साचा अधिक मजबूत पोलादात घडवून ७.६२ची ‘२ए’ रायफलही काढली. जळगाव जिल्ह्यातला वरणगावचा काडतूस कारखाना १९६४चा. भंडाऱ्याजवळ जवाहरनगरला स्फोटके व प्रणोदक दारूचा कारखाना त्याच दशकात उभा राहिला.

एके-४७ची गोळीही ७.६२चीच म्हणवते, पण तिची पुंगळी ३९ मिलिमीटरची. ती एसएलआरला चालत नाही. पुढे सैन्याने इन्सास रायफलीबरोबर ५.५६चे हलके काडतूस घेतले. २०१९ साली मात्र सिग-७१६ रायफलींच्या खरेदीतून पायदळासाठी पुन्हा ७.६२ × ५१चीच निवड झाली.