शिक्का काय सांगतो, काय सांगत नाही

दुसऱ्या महायुद्धातलं जर्मन सैन्याचं पिस्तुलाचं होल्स्टर अभ्यासायला मिळालं, तर आधी ते पालथं करा. चामड्यात ठोकलेले शिक्के बहुतेक वेळा मागच्या बाजूला असतात. त्यांना तीन प्रश्न विचारायचे.

पहिला, कोणी बनवलं? सुरुवातीच्या होल्स्टरवर कारखान्याचं नाव, गाव आणि साल सरळ वाचता येतं. १९४०-४१ च्या सुमारास नाव जाऊन तीन अक्षरांचा संकेत येतो, म्हणजे कारखाना कुठे आहे ते शत्रूला कळू नये. उदाहरणार्थ, 'जीएक्सवाय' म्हणजे ड्रेस्डेनमधल्या क्लिंगे बंधूंचा चामड्याचा कारखाना. या संकेतांची जर्मन लष्करानेच छापलेली यादी आज अभ्यासकांच्या हातात आहे.

दुसरा, कोणी तपासलं? गरुड, त्याखाली 'डब्ल्यूएए' आणि एक आकडा. हा लष्करी तपासनिसाचा शिक्का, कारखान्याचा नव्हे. नवखे अभ्यासक इथेच गोंधळतात.

तिसरा, कोणत्या पिस्तुलासाठी? 'पी ०८' म्हणजे लुगर, 'पी ३८' म्हणजे वाल्थरचं नवं मॉडेल. पण आज त्यात जे पिस्तुल आहे तेच मुळात होतं, असं यावरून ठरत नाही.

आता तिन्ही उत्तरं एकमेकांशी जुळवून बघा. 'पी ३८' आणि शेजारी साल १९३६? मग नक्कीच काहीतरी गडबड आहे, कारण ते पिस्तुल सैन्याने १९३८ मध्ये स्वीकारलं. संग्राहकांच्या बाजारात शिक्क्यामुळे किंमत वाढते, त्यामुळे मागाहून ठोकलेले शिक्केही सापडतात.

एवढं जमलं की वस्तूची ओळख पटली असं आपण म्हणतो. पण थांबा. शिक्का कारखान्याचं नाव सांगतो, शिवणाऱ्या हातांचं नाही. ऑगस्ट १९४४ मध्ये जर्मनीत सुमारे ७६ लाख परदेशी कामगार आणि युद्धकैदी कामाला जुंपलेले होते, त्यातले बहुसंख्य सक्तीने. तुमच्या समोरचं होल्स्टर त्यांच्यापैकी कोणी शिवलं का, याचं उत्तर चामड्यावर नाही. त्यासाठी कारखान्याची हजेरीपत्रकं, पगाराच्या वह्या, गावातल्या परदेशी कामगारांच्या नोंदी शोधाव्या लागतात.

म्हणून प्रबंधात 'अमुक कारखान्याचा शिक्का आहे' असं लिहा. 'अमुकाने बनवलं' हे वाक्य लिहायला अजून पुरावा लागतो.